चितारआळीतला करंडा

घनसावंगीचा परिसर गोदावरीच्या खोऱ्यातला, काळ्या मातीचा. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. वैशाखात येथील हवा इतकी कोरडी होते की जुन्या दारांच्या फळ्यांत फटी दिसू लागतात. येथून निघून, आंबोली घाट उतरून सावंतवाडीस पोहोचणाऱ्या प्रवाशाला भोवतालची हवाच निराळी लागते. मोती तलाव, त्याच्या समोरचा राजवाडा आणि पावसाळ्यात अखंड ओली राहणारी झाडी. परतताना त्याच्या पिशवीत चितारआळीतला एखादा लाकडी करंडा आला, तर त्या करंड्यालाही हे हवामानांतर सोसावे लागते.

सावंतवाडीचे चितारी लाकडी खेळण्यांसाठी व गंजिफांसाठी प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफेची 120 गोल पाने हाताने रंगविण्याची कला विसाव्या शतकात लोप पावू लागली होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. कुंकवाचे करंडे, डब्या, पाळण्यावरची खेळणी ही कातीव कामाची शाखा.

करंडा लेथवर जन्मतो. लाकडाचा ठोकळा गरगर फिरतो, कारागीर पटाशी टेकवतो आणि चौकोनाचा गोल होतो. झाकण व भांडे एकाच ठोकळ्यातून काढले, तर मिटल्यावर लाकडाच्या रेषा सलग जुळतात. भांड्याचा काठ किंचित कमी करून त्यावर झाकण बसवायचे, हा सर्वांत नाजूक भाग. घट्ट झाले तर उघडत नाही, सैल झाले तर निसटते.

पण काम तेथे संपत नाही. लाकूड सुकताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने ते अधिक आकसते, त्यामुळे वर्तुळाचा हळूहळू लंबगोल होतो. ओलसर कोकणात नीट बसणारे झाकण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अडकते ते यामुळे. म्हणून जाणता कारागीर ठोकळा आधी ओबडधोबड कोरून काही काळ सावलीत ठेवतो आणि लाकूड स्थिरावल्यावरच शेवटचा हात फिरवतो. ही वाट पाहणे करंड्यावर दिसत नाही, पण त्याचे मोल तिच्यातच असते.

दिसते ती चमक. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याच्या पात्याने ती घोटली जाते. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म कीटकांचा स्राव आहे. ती काढताना त्यातले अनेक जीव जातात. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रसंगी पंधरा कर्मादानांची गणना आहे. त्यांत लाक्षावाणिज्य आहे. तो निषेध व्यापाराचा; मात्र ग्राहकाच्या मागणीवाचून व्यापार चालत नाही, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मग करंडा घेऊच नये काय? तसे केले तर लेथवरचा हातही थांबेल. दुसरा मार्ग कारागिराला सांगण्याचा आहे : लाख नको, लाकूड तसेच ठेवा. घरी आणल्यावर त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, जास्तीचे तेल पुसून काही दिवस वाळू द्यावे. जवस तर मराठवाड्याच्या शेतातलेच. लाखेचा थर हवेतील ओल आत-बाहेर होऊ देण्यास आवर घालतो, तो नसल्याने लाकूड पुरते सुकलेले असणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून विकत घेताना झाकण फिरवून, उघडून-मिटून पाहावे, करंडा केव्हा कातला हे विचारावे, आणि त्या सबुरीचे दोन पैसे अधिक द्यावेत.

असा करंडा चमकत नाही. अक्षता ठेवण्यासाठी रोज उघडताना त्याच्या रेषा बोटांना जाणवतात, आणि झाकण वैशाखातही आपल्या जागी बसते.