कलमांची राखण

रत्नागिरी शहर सोडून दक्षिणेस निघालें, भाट्याच्या पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडली, आणि सुरूचें बन व नारळ-संशोधन-केंद्राच्या माडांच्या रांगा मागें टाकल्या, कीं एक वस्तु प्रवाशाला दोहों बाजूंनीं सोबत करूं लागते. ती म्हणजे गडगा. फणसोप, गोळप, पावस असा हा वीसएक किलोमीटरांचा रस्ता; त्यावर देवळें, शाळा, दुकानें येतात आणि जातात, पण गडग्याची सोबत फारशी सुटत नाहीं. तांबूस-काळ्या जांभ्या दगडांचा, चुन्यामातीवांचून नुसता रचलेला, कोठें कमरेइतका तर कोठें छातीइतका. चुना नसल्यामुळेंच तो टिकतो. येथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तें पाणी दगडांच्या फटींतून वाट काढून निघून जातें, आणि पक्की भिंत जेथें फुगून कोसळेल तेथें गडगा शेवाळ पांघरून उभा राहतो.

देशावरून आलेल्या पाहुण्याला एवढी कुंपणें पाहून वाटतें, येथें चोरांचा मोठाच सुळसुळाट असावा. वास्तविक हा गडगा चोरासाठीं घातलेलाच नाहीं. दहा वर्षांचें पोर त्यावरून सहज उडी मारतें. तो घातला आहे गुरासाठीं.

भातकापणी उरकली कीं गुरें उनाड सोडावयाचीं, ही कोंकणांतील जुनी चाल. पावसाळाभर गुराख्याच्या काठीखालीं वागलेलें जनावर मग मोकळें होई, आणि ज्याला कुळीथ, पावटा किंवा चार वाफे भाजी करावयाची असे तो आपल्या तुकड्याभोंवतीं करवंदीच्या काट्यांची वई घाली. म्हणजे राखण्याचें ओझें पिकविणाऱ्याच्या माथीं. गुराच्या धन्याला कोणी बोल लावीत नसे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला व हा न्याय उलटा केला. पिकांत शिरलेलें जनावर शेतकऱ्यानें धरावें, चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्यांत पोंचवावें, आणि धन्यानें दंड भरून तें सोडवून न्यावें, अशी त्यांत योजना आहे. कायदा चोख आहे. परंतु ज्या शेजाऱ्याच्या घरचें विरजण आपल्या घरीं येतें त्याची गाय कोंडवाड्यांत घालणें हें एक दिवसाचें काम नसून तीन पिढ्यांचें वैर असतें, हें त्या कायद्यांत कोठें लिहिलेलें नाहीं. आतां गुरेंच कमी झालीं. गडग्यावर बसून आपला दिवस उजाडण्याची वाट पाहणारीं वानरें मात्र वाढलीं, आणि त्यांना गडगा म्हणजे बसावयाला बांक.

चोराचा प्रश्न आला तो कलमांबरोबर. ज्या कातळावर पावसाळ्यांत गवत आणि उन्हाळ्यांत नुसता जाळ, त्यांत सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे, दुसरीकडून माती आणून ते भरावयाचे, आणि हापुसाचें कलम रोंवून पहिलीं कांहीं वर्षें त्याला घागरींनीं पाणी घालावयाचें; ज्यानें हें केलें त्याला त्या झाडावरील प्रत्येक फळ मोजून ठाऊक असतें. म्हणूनच गांवाच्या रीतींत आंब्याचे दोन वर्ण आहेत. रायवळाचा पडलेला आंबा ज्याच्या हातीं लागला त्याचा; तेथें मालक विचारावयाचा नाहीं. कलमाखालीं पडलेला मात्र धन्याचा. काजूच्या बीचें स्थान ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे. शाळेंतून येतां येतां मुलें खिसाभर बिया वेंचतात आणि दुकानांत देऊन गोळ्या घेतात. ह्याला चोरी म्हणावें कीं बाललीला, हें बिया कोणाच्या आहेत त्यावर ठरतें. ही रीत कोणीं लिहून ठेवलेली नाहीं, पण वाडींतील लहान पोरालाही ती पाठ असते.

लिहिलेला कायदा ह्या बाबतींत मोठा मौजेचा आहे. जमिनीस संलग्न असलेली वस्तु जंगम नव्हे, म्हणून तिची चोरी होऊं शकत नाहीं. जमिनीपासून ती अलग होतांच चोरीस पात्र ठरते, असें १८६० च्या दंडविधानांत म्हटलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, ३७८ व ३७९ ह्या कलमांचें ३०३ झालें, पण हें स्पष्टीकरण तसेंच राहिलें. म्हणजे देठाला लोंबणारा आंबा चोरीचा विषय नव्हे. देठ तुटला कीं झाला. (कलमाचें रक्षण कायद्याच्या कलमानें कितपत होतें, हा प्रश्न निराळा.) नव्या संहितेंत आणखी एक सोय आहे. चोरलेला माल पांच हजार रुपयांहून कमी किमतीचा असला, आरोपी प्रथमच दोषी ठरला, आणि त्यानें माल किंवा किंमत परत केली, तर त्याला शिक्षा समाजसेवेची. आतां हंगामाच्या आरंभींची पेटी आणि मे महिन्याच्या अखेरची पेटी ह्यांच्या भावांत जमीन-अस्मानाचें अंतर असतें. तेव्हां तेवढेच आंबे मार्चमध्यें चोरणारा तुरुंगांत जाईल आणि मेमध्यें चोरणारा गांवची शाळा झाडील, असाही योग येऊं शकेल.

बागाईतदार मात्र देठाकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. जाणता गडी झेल्यानें आंबा उतरवितांना देठ राखून उतरवितो. देठ समूळ निघाला कीं चीक फळावर ओघळतो आणि सालीवर काळा डाग उठतो. रात्रीं चोरून आलेल्याला इतकी सवड कोठली? तो हातानें पिरगळतो, फांदी ओढतो, कोंवळें-जून पाहत नाहीं. त्याचा माल पेटींत शोभत नाहीं. तो जातो कॅनिंगच्या ढिगांत, जेथें आंबा किलोवर मोजला जातो आणि फळाला कुळ विचारीत नाहींत. चोराला त्यांतून मिळतें थोडें. धन्याचें जातें पुष्कळ, कारण मोडलेली फांदी पुढल्या मोहोराचीही वजाबाकी करून जाते. हापूस आधींच एका वर्षाआड फळणारा.

म्हणून राखणदार लागतो. आणि हा राखणदार आज बहुधा नेपाळी असतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळें त्यांना येथें येण्यास व काम करण्यास परवाना लागत नाहीं. हंगामाच्या तोंडावर ते येतात, बागेंतल्या खोपींत किंवा मांगरांत बिऱ्हाड करतात, फवारणीपासून पेटी भरण्यापर्यंत सर्व कामें करतात, आणि रात्रीं हातांत विजेरी घेऊन फिरतात. २०२० च्या टाळेबंदींत त्यांतले पुष्कळजण हंगाम सरला तरी येथेंच अडकून पडले होते. गोळपच्या सड्यावरील एका बागेंत असाच एक प्रौढ गृहस्थ चहा करीत बसला होता. तुमच्या घरची शेती कोण राखतें, असें मीं विचारलें. मका आहे, वानरें फार येतात, आई दिवसभर डबा वाजवीत बसते, तो म्हणाला. आणि मग कुत्रा भुंकला म्हणून उठून गेला.

परगांवचा मनुष्य राखणीस ठेवण्यांत बागाईतदाराचा एक हिशेब आहे, तो सहसा बोलून दाखविला जात नाहीं. गांवचा गडी चोराला ओळखतो, आणि ओळखीच्या माणसावर ओरडणें कठीण असतें. नेपाळ्याला सगळेच अनोळखी. हिशेब बरोबर आहे. परंतु त्यांत एक गोष्ट निसटते. गांवच्या गड्याला चोर ठाऊक असे, त्याचप्रमाणें चोरालाही गडी ठाऊक असे, आणि दुसऱ्या दिवशीं विहिरीवर तोंड दाखवावें लागेल हा धाक विजेरीपेक्षां मोठा होता.

ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मूळ घरें ह्याच पट्ट्यांत असतील, म्हणून गडग्याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. खोतीच्या काळांत आपल्या घराण्यांच्या दप्तरांत जिला आगळीक म्हटलें आहे, ती कित्येकदां कुळाच्या बायकोची पाण्याची वाट होती. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनापासून कसणाऱ्यांकडे जमिनी गेल्या. पुष्कळ घराण्यांची भातशेती सुटली, आगर आणि कलमें तेवढीं राहिलीं, आणि वाट मात्र आगरांतूनच जात राहिली. ती अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते, आणि मागितली जाते. जुन्या लोकांनीं ह्यावर बेड्याचा उपाय काढला होता. दोन खांबांना भोंकें, त्यांतून सरकविलेले आडवे वासे. माणूस दोन वासे सरकवून जातो व पुन्हा लावतो. गुराला तें साधत नाहीं. कुलूप नाहीं, आणि तरीही आंतबाहेर आहे. कुंपणाची ह्याहून शहाणी रचना माझ्या पाहण्यांत नाहीं.

ह्याच रस्त्यावरील एका परिचित घराची हकीकत सांगतों. तेथें एक वृद्ध काकू एकट्या राहत. चार कोयंड्यांच्या खोल्या, मागें पोफळी, वर सड्यावर तीसेक कलमें. आगराच्या कोंपऱ्यांत महापुरुषाचें स्थान; त्याला वर्षाकाठीं नैवेद्य, आणि तोच जागा राखतो असा त्यांचा विश्वास. शेजारच्या वाडींतल्या बायका बेडें काढून त्यांच्या विहिरीवर येत, जातांना विचारीत, ‘‘काकी, आज जेवलांत काय?’’ उत्तर आलें नाहीं तर आंत डोकावीत. काकू गेल्या तशीं मुंबई-पुण्याच्या भावंडांनीं घराला कुलूप घातलें, बेडें काढून तेथें काटेरी तार ओढली, आणि झाडावर कॅमेरा बसविला. पहिल्या पावसांत कॅमेरा गेला. दुसऱ्या हंगामांत तार तुटली, ती नेमकी वाटेच्या जागीं. पुढें घरांतलें तांब्याचें घंगाळ, समया, झोंपाळ्याच्या पितळी कड्या गेल्या. कोणत्या रात्रीं गेल्या हें सांगावयालाही कोणी नव्हतें. पंचनाम्यांत तारीख लिहितांना अंमलदार थांबला, आणि ‘गणपतीनंतर केव्हां तरी’ ह्यापलीकडे कोणासही कांहीं सांगतां येईना.

महापुरुषानें हें कसें होऊं दिलें, असें एका चुलत भावानें थट्टेनें विचारलें. वाडींतला एक म्हातारा म्हणाला, ‘‘भाऊ, त्येका तरी दिवा लावणारा कोण होता?’’

भांडीं गेलीं हें दुःख लहानच म्हणावयाचें. मोठें संकट हळूहळू येत आहे. सातबाऱ्यावर आज चौदा नांवें. त्यांतलीं तीन माणसें दिवंगत, दोघें परदेशीं. पूर्वेकडचा गडगा दोन पावसांत ढांसळला आहे, आणि पलीकडच्या नव्या खरेदीदारानें साफसफाईच्या निमित्तानें आपलीं रोपें पांच हात अलीकडे लावलीं आहेत. रोप लहान असतें तोंवर कोणाला तें दिसत नाहीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें परक्याचा उघड, विरोधी व अखंड ताबा बारा वर्षें चालला, तर मूळ मालकाचा दाव्याचा हक्कच संपतो. आणि बारा वर्षें म्हणजे कलमानें फळास येऊन चांगला जोर धरावा इतकाच काळ. रात्रीं शिरणारा चोर पेटी नेतो. दिवसा, सर्वांदेखत, रोप लावणारा जमीन नेतो, आणि त्याच्यावर भुंकण्यास कुत्राही नसतो.

गेल्या वैशाखांत चौदापैकीं नऊजण त्या ओटीवर जमले. मोजणीचा अर्ज द्यावयाचा हें ठरलें. बाग विकावी असें दोघांचें मत. कराराने द्यावी असें चौघांचें. वाडींतल्या त्या म्हाताऱ्याच्या नातवाला, जो रत्नागिरीस नोकरीला जाऊन रोज परत येतो, मागच्या दोन खोल्या राहावयास द्याव्यात आणि विहिरीची वाट पूर्ववत् मोकळी करावी, ही सूचना काकूंच्या सुनेनें केली. त्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कोणी कुळकायद्याचें भय घातलें, कोणी भाडेचिठ्ठी लिहून घेऊं म्हणालें. शेवटीं बेड्याचे वासे माळ्यावर सांपडतात का, तें पाहण्यास एकजण शिडी आणावयास गेला. दोन वाळवीनें खाल्लेले निघाले, तीन शाबूत.

गडग्याची पडलेली बाजू मृगाआधीं उभी करावयाची आहे. दगड तेथेंच गवतांत पडलेले आहेत. रचणारा गडी फणसोपास आहे, आणि तो पावसकडचें काम उरकून येत्या सोमवारीं येतों म्हणाला आहे.