कोल्लमच्या किनाऱ्यावरची माती

केरळात नींदकरा ते कायंकुळम हा किनारा काळसर दिसतो. तो रंग इल्मेनाइट या खनिजाचा. त्या काळ्या वाळूत मोनॅझाइटचे पिवळट-तपकिरी कण मिसळलेले असतात आणि थोरियम असते ते त्यांच्यात. मी शिकले पुण्यात. आपल्या बेसाल्टच्या मातीत युरेनियम, थोरियम मुळातच कमी. त्यामुळे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचा आकडा फारसा हलत नाही, अशीच माझ्या हाताला सवय. या किनाऱ्यावरच्या चवऱ्याला मात्र रस्ता सोडून समुद्राकडे वळले आणि आकडा भराभर चढला. एका अंगणात एवढा, तर शेजारच्या अंगणात त्याच्या निम्माही नाही. जड कण लाटा जिथे आणून टाकतात तिथेच ते साचतात. म्हणून एका पिशवीभर मातीवरून अख्ख्या गावाबद्दल बोलणे मला मान्य नाही.

खरे काम प्रयोगशाळेत. माती 110 अंशांवर वाळवायची, चाळायची, वजन करून डब्यात भरायची आणि डबा हवाबंद करून सुमारे चार आठवडे ठेवून द्यायचा. घाई करणाऱ्यांना हे थांबणे जड जाते, पण इलाज नाही. मातीतल्या रेडियमपासून रेडॉन हा वायू बनतो. तो निसटला तर रेडियमची पुढची मोजणी खोटी. त्याचा अर्धायुकाल 3.8 दिवस, महिनाभरात तो आणि त्याच्यापासून बनणारी द्रव्ये रेडियमशी समतोलात येतात. मग शिशाच्या जाड कवचात, द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरवर डबा चढतो. वर्णपटात 1460 केइव्हीला पोटॅशियमचे शिखर दिसते, 2614 ला थोरियमच्या साखळीतले. जगभरच्या मातीत थोरियम किलोमागे सरासरी 30 ते 45 बेकरेल. या वाळूची शिखरे त्याच्या कितीतरी पट उंच होती.

नमुने घेताना एका अम्मांनी विचारले होते, "मोळे, या मातीनं आम्हाला कॅन्सर होतो का?" सोबतच्या मल्याळी विद्यार्थिनीने प्रश्न मला समजावला. किलोमागचे बेकरेल सांगून याचे उत्तर होत नाही. किरणोत्सार किती, माणूस त्यात किती वेळ राहतो आणि तो शरीरात कोणत्या वाटेने जातो, हे सारे पाहावे लागते. याच किनारपट्टीतल्या करुनागप्पळ्ळीत जवळजवळ 70 हजार रहिवाशांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मातीतल्या गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. मी त्यांना हेच सांगितले. अगदी लहानसा धोका अशा अभ्यासातून निसटू शकतो, हेही सांगितले. अर्धे उत्तर देऊन त्यांना धीर देणे मला पटले नसते.

मला स्वतःला काळजी वाटते ती घराच्या आतल्या हवेची. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे मोठे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना रेडॉनकडे बोट दाखवते आणि घरातल्या हवेत तो घनमीटरला 100 बेकरेलच्या आत असावा असे सांगते. तो जमिनीतून वर येतो आणि बंद खोलीत साठतो. त्यामुळे मातीचा नमुना नेणाऱ्याने त्या घरातली हवाही मोजली पाहिजे.

आणि माझ्या क्षेत्रातल्या सर्वांना एक विनंती. आपले आकडे शोधनिबंधांतच राहतात. ज्यांच्या अंगणातली माती आपण उचलली, त्यांना त्यांच्या अंगणाचा आकडा आणि त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत लिहून द्या.