चिठ्ठीवरचं नाव

कलामहाविद्यालयात सौंदर्यशास्त्राचा तास दुपारच्या जेवणानंतर असायचा आणि निम्मा वर्ग पेंगत असायचा. तरी एक आकृती सगळ्यांच्या वहीत उतरली होती. मध्ये कलाकृती, भोवती तीन टोकांना कलावंत, रसिक आणि विश्व. एम. एच. एब्रम्स या अमेरिकी समीक्षकाने १९५३ साली ‘द मिरर अँड द लॅम्प’ या पुस्तकात ही मांडणी केली. कला म्हणजे जगाचं अनुकरण, की कलावंताच्या मनाचा उद्गार, की रसिकावर होणारा परिणाम, की स्वतःत पूर्ण असलेली वस्तू? प्रत्येक सिद्धांत यांतल्या एका बाजूवर जास्त भार देतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या सरांचा ओढा शेवटच्या बाजूकडे. मर्ढेकरांचा लयीचा विचार, त्यातले संवाद, विरोध आणि समतोल, ते जीव ओतून शिकवायचे. गणपती घडवताना मला त्याचा आजही उपयोग होतो. एक दात अखंड, एक मोडका. सोंड डावीकडे वळली की तोल सावरायला उजवा हात कुठे न्यायचा, हे गणित मर्ढेकरांच्याच रीतीने सुटतं.

वहीतली ती आकृती मात्र जागची हलत नाही. आमच्या गणपतीच्या शाळेत ती आषाढापासून भाद्रपदापर्यंत सारखी फिरत असते.

पेण, हमरापूरला गणपतीचे कारखाने असतात, आमच्या तळकोकणात शाळा. माणसं मूर्ती ‘विकत घ्यायला’ येत नाहीत, घरचा पाट आणून देतात. कोणी त्यासाठी नागपंचमीचा मुहूर्त धरतात, कोणी पाऊस उघडेल तेव्हा येतात. पाटावर चिठ्ठी चिकटवायची, घराण्याचं नाव लिहायचं, आणि मूर्ती त्याच पाटावर उभी करायची. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत चित्राखालच्या चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव असतं, इथे ज्याच्या घरी देव जायचा त्याचं. माझी सही कुठेच नसते. शिकून गावी आलो तेव्हा हे मला टोचायचं. आता वाटतं, सही केली असती तरी ती पाठीमागे, प्रभावळीच्या सावलीत गेली असती, आणि ती वाचायला देवाच्या पाठीमागे जातंय कोण!

गॅलरीतला रसिक काम संपल्यावर येतो. आमचा संध्याकाळी कामाच्या मध्येच येऊन बसतो, चहा मागतो आणि ओली माती असतानाच बोलतो. “पोट वायच कमी कर रे.” हे समीक्षण मला आवडतं, कारण ते अजून अमलात आणता येतं. काही अटी तर बोलून दाखवाव्याही लागत नाहीत. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा; पण घरात तसा गणपती आणला तर सोवळं कडक पाळावं लागतं, या धास्तीने उजवी सोंड जवळजवळ कोणीच मागत नाही. म्हणजे शाळेत ओळीने दिसणाऱ्या डाव्या वळणामागे माझी अभिरुची कमी आणि घराघरांतलं भय जास्त.

विश्व म्हणजे आमच्याकडे आधी पाऊस. गुजरातेतून आलेली शाडू ओल धरून बसते, घाईने बल्बखाली सुकवली तर बोटांच्या बेचक्यात चिरा जातात. दुसरं विश्व चित्रांचं. खरा हत्ती पाहून गणपती करणारा मूर्तिकार माझ्या पाहण्यात नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि छापील देव भिंतीभिंतींवर पोचले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढचा ‘खरा’ गणपती बहुतेक वेळा अशाच एखाद्या कॅलेंडरातून उतरलेला असतो. आता चाकरमानी मोबाइलवर लालबागच्या राजाचा फोटो पाठवतात. मंडळ १९३४चं, मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कांबळी कुटुंबाच्या हातची. मंडपातल्या भव्य उंचीसाठी घडलेला तो चेहरा दीड फुटात उतरवला की राजाऐवजी दम भरणारा हवालदार दिसतो. मी सरळ नाही म्हणतो. रसिकाचं सगळंच ऐकायचं नसतं.

सगळ्यात कस लागतो तो आखणीला, म्हणजे डोळे रेखाटताना. ते काम मी रात्री शाळा रिकामी झाल्यावर घेतो. आधी वरच्या पापणीची रेघ, एका श्वासात. मध्ये थांबलं की रेघेला गाठ पडते. मग खालची, मग बुबुळ. बुबुळाच्या चारही बाजूंनी पांढरं राहिलं तर देव दचकल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीखाली ते किंचित झाकलं की चेहरा निवतो. शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर दोन दिव्यांच्या मध्ये बसवल्यासारखं वाटतं. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारून ठेवलेला असतो: तुमचं मखर केवढ्या उंचीवर? उंच असेल तर बुबुळ केसभर खाली. पुढे अडचण अशी की आरतीला माणसं उभी असतात आणि भजनाला खाली बसतात. दोघांकडे एकदम बघणारे डोळे मला जमत नाहीत. मी बसलेल्यांची बाजू घेतो, कारण आरती पाव तासात आटपते आणि भजन रात्रभर चालतं. मूर्ती अजून शाळेतच असते, पण तिच्यासमोर कोण, कुठे बसणार ते त्या केसभर अंतरात ठरून गेलेलं असतं. वहीतल्या आकृतीत रसिक एका टोकाला उभा होता. इथे तो बुबुळात आहे.

चतुर्थीला पाटापुढे नारळ-विडा ठेवतात, मूर्तीच्या तोंडावर कापड टाकतात, आणि ती डोक्यावरून घरी जाते. तिथे प्राणप्रतिष्ठा होते, भटजी दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात. मी रात्री जागून उघडलेले डोळे शास्त्राप्रमाणे तिथे उघडतात, आणि त्यात मला अपमान वाटत नाही. दुपारी मीही त्या घरी जातो, हात जोडतो. नजर मात्र आधी डाव्या पापणीकडे जाते.

मग दीड, पाच, सात, अकरा दिवस. इतकी मेहनत पाण्यात जाते, वाईट नाही वाटत का, असं शहरातले पाहुणे हमखास विचारतात. खरं सांगायचं तर मूर्ती पाण्यात गेली नाही तर मला पुढच्या वर्षी काम नाही. शाडू विरघळते, पीओपी राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, २०२५ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं, आणि वाद मूर्ती घडवण्यापेक्षा बुडवण्यावर येऊन ठेपला. कलाकृतीचं पुढे काय होतं, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या तासाला कधी आला नव्हता.

विसर्जनानंतर पाट घरी येतो, त्यावर नदीतली मूठभर वाळू. पुढच्या आषाढात तोच पाट माझ्याकडे, आणि त्याच्याबरोबर मागणी: गेल्या वर्षासारखाच करा. गेल्या वर्षीचा आता कुठेच नाही. यंदा एका घरचे दोघे भाऊ यावरूनच शाळेत भांडले. दोघांच्या मोबाइलवर फोटो होते, एकाचा समोरून, एकाचा खालून, आणि चेहरे दोन निघाले. शेवटी त्यांच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, कान जरा मोठे होते, बाकी तुका ठाऊक. कान मोठे केले. दोघंही म्हणाले, अगदी तसाच झाला.