वाढीचीं क्रियापदें

पाणिनीच्या अष्टाध्यायीचा पहिलाच शब्द 'वृद्धि' हा आहे. व्याकरणांत ती कांहीं स्वरांची संज्ञा आहे. परंतु शास्त्राच्या आरंभीं मंगल असावें म्हणून आचार्यांनीं तो शब्द अग्रस्थानीं ठेविला, असें पतंजलि महाभाष्यांत सांगतात. धातुपाठांतहि 'भू' या पहिल्या धातूच्या मागोमाग येतो तो 'एध्', म्हणजे वाढणें. वाढ म्हणजे मंगल, हा संस्कार आपल्या मनांत इतका जुना आहे. इंग्रजींत मात्र, विशेषतः वेगानें होणाऱ्या वाढीच्या क्रियापदांत, निराळाच अनुभव येतो. तेथें प्रत्येक वाढ मंगल मानलेली नाहीं.

शाळेंत संस्कृत व इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवितांना मीं पाहिलें कीं, कशाचीहि वाढ सांगावयाची असली कीं मुलें 'इन्क्रीज' हाच शब्द लिहीत. शब्द वाईट नाहीं. त्याच्या पोटांत वाढण्याचा लॅटिन धातु आहे, आणि कलेकलेनें वाढणाऱ्या चंद्राचें 'क्रेसेंट' हें नांवहि त्याच धातूपासून निघालें. चंद्राच्याच वाढीस इंग्रजींत 'वॅक्स' असा जुना शब्द आहे. तो आपल्या वाढण्याच्या अर्थाच्या 'वक्ष्' धातूचा सगोत्र होय. ही शुक्लपक्षाची वाढ झाली. तिला घाई नाहीं.

घाईच्या वाढीचीं क्रियापदें वेगळीं. त्या प्रत्येकांत एक चित्र दडलेलें असतें, आणि चित्रांत त्या वाढीचा शेवटहि असतो. 'मश्रूम' म्हणजे अळंबें. एखाद्या शहरांत नव्या वसाहती 'मश्रूम' झाल्या असें इंग्रज लिहितो, तेव्हां पावसाच्या एका रात्रींत उगवलेल्या आणि दोन दिवसांत कुजून जाणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या छत्र्याच त्याला दिसत असतात. 'बलून' हा मूळचा मोठा चेंडू. पुढें १७८३ सालीं फ्रान्समध्यें माँगोल्फिए बंधूंनीं ऊन हवा भरून मोठी पिशवी आकाशांत चढविली, तीहि याच नांवानें ओळखली जाऊं लागली. खर्च 'बलून' झाला म्हणजे फुगला, आंत हवाच. 'रॉकेट' हें सूत गुंडाळण्याच्या लहान चातीचें इटालियन नांव. आकृतीच्या साम्यामुळें तें दारूच्या बाणास मिळालें. बाण चढतो क्षणांत, आणि मागाहून त्याची जळकी काडी अंगणांत पडते.

'स्नोबॉल' याहून सूक्ष्म आहे. बर्फाचा गोळा उतारावरून घरंगळतांना जितका मोठा होतो, तितकें अधिक बर्फ त्यास चिकटतें. वाढ हीच येथें पुढील वाढीचें कारण होते. आपल्याकडे बर्फ नसलें तरी सावकाराच्या वहींतील चक्रवाढ व्याज आहे, त्यामुळें अर्थ समजण्यास अडचण पडूं नये. 'एस्कलेट' याची कथा गमतीची आहे. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत 'एस्कलेटर' या नांवाचा चालता जिना मांडला होता. त्या नांवावरून हें क्रियापद मागाहून पाडण्यांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तें युद्धांस व तंट्यांस लागूं लागलें. मनुष्य जागींच उभा असतो, पायऱ्या त्याला वर नेतात! एकत्र कुटुंबांत नांदलेल्यांस हें चित्र अधिक फोडून सांगावयास नको. या मंडळींत 'बर्जन' तेवढें सात्त्विक. तें जुन्या फ्रेंच भाषेंतील अंकुरवाचक शब्दापासून आलें. त्याचा खरा अर्थ अंकुरणें, कळ्या धरणें.

मराठी याबाबतींत गरीब आहे असें कोणी समजूं नये. वेल फोफावते, बोकाळतें तें वाईटच. भाव भडकतात, कारण ती आग आहे. उत्साहाला उधाण येतें, आणि उधाणापाठीं ओहोटी असतेच. ऊत आलेलें दूध चुलीवरून उतरवितांच खालीं बसतें. एवढी संपत्ति घरांत असतां आमचीं वर्तमानपत्रें या सर्वांसाठीं 'झपाट्यानें वाढ झाली' असें एकच वाक्य वापरतात, याचें वाईट वाटतें.

हा केवळ शब्दांचा षोक नव्हे. माझे एक वडील चुलतबंधु निवृत्त झाले, तेव्हां एका ठेवयोजनेचें इंग्रजी पत्रक घेऊन ते माझ्याकडे आले. ठेव 'सोअर' होईल, 'स्कायरॉकेट' होईल, असें त्यांत लिहिलें होतें. 'सोअर' याच्या मुळाशीं वारा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मीं म्हटलें, "दादा, हीं सारीं आकाशांतलीं क्रियापदें आहेत, जमिनीवरचें एकहि नाहीं. कोणता कारखाना, कोणतें शेत, कोणतें दुकान वाढणार, तें यांत कोठेंच नाहीं. आधीं तें विचारा." ते हंसले व म्हणाले, "मास्तर, तुझें व्याकरण कांहीं सुटत नाहीं!" दोन वर्षांत त्या कचेरीला कुलूप लागलें. नातीच्या शिक्षणासाठीं राखलेली रक्कम गेली ती परत आली नाहीं. दादा त्याविषयीं बोलत नाहींत. मीहि विषय काढीत नाहीं.

म्हणून घरांतील वडील मंडळींस एक सुचवावेंसें वाटतें. मुलें इंग्रजी वर्तमानपत्र किंवा जाहिरात वाचूं लागलीं, कीं वाढीच्या क्रियापदाशीं त्यांना क्षणभर थांबवावें. यांत चित्र कोणतें, आणि तें पुढें कोठें जातें, एवढेंच विचारावें. अंकुर असेल तर फळाची वाट पाहावी; बाण असेल तर अंगण मोकळें ठेवावें. वृद्धि मंगल आहे, यांत शंका नाहीं; मात्र ती कशाची व कशी, हें पारखून घेण्याची संवय मुलांना लहानपणींच लागली पाहिजे.