रात्री नऊच्या गोळीस

श्रीमती गोळीबाई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, लेकीला सातवा लागला. डोहाळजेवण झालं की ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे, सोलापूरला येणार. बारशाला विहीणबाई येतील आणि चार दिवस तरी राहतील. घर दोन खोल्यांचं आहे. तेव्हा तुमची सोय कुठे करायची, हे तुम्हालाच विचारून ठरवावं म्हटलं.

हे अहो-जाहो मात्र माझ्याच्याने पुढे रेटवत नाही. इतक्या वर्षांची सोबत आहे, तर अगं म्हणते.

खुशाली अशी, की परवा एचआयव्हीच्या व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. समुपदेशक ताईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. रक्तात विषाणू सापडला नाही. ‘गेला नाही हं, दबलाय. गोळी सोडली की उठेल,’ हे त्या दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी मान हलवते. तो असा दबून राहिला की शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला जात नाही. ही तुझी करणी. देवापुढे दिवा लावते, तेव्हा त्यातलं थोडं तेल तुझ्याही नावाचं असतं.

पण तू उशीर केलास, गं. माझे मालक पुणे-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे. २००२ साली याच आजाराने गेले. शेवटी हाडांवर नुसतं कातडं राहिलं होतं. सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हटलं. आजार माझ्याकडे कुठून आला, हे एकानेही विचारलं नाही. तू तेव्हा जगात नव्हतीस असंही नाही. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर तुझं मोल होतं, आणि २००१ साली मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने, तिच्या युसुफ हमीद यांनी, ते ३५० डॉलरवर आणायची तयारी दाखवली. तू आपल्याच देशात बनत होतीस! तरी सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला, आणि तेही आधी मुंबईच्या जे. जे.सारख्या मोजक्या ठिकाणी. दोन वर्षांनी चुकलीस. हा राग मी अजून गिळलेला नाही.

मालक गेले तेव्हा लेक तीन वर्षांची होती. दोन वर्षं अंगावर पाजलेली. तिची तपासणी केली, त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिच्या फ्रॉकची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईला औषध नसेल, तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. माझी उरलेल्यांत निघाली, एवढंच. आता लेकीची पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी झाली. एखादीची पॉझिटिव्ह आलीच, तर तिला लगेच तू मिळतेस आणि जन्मल्यावर बाळाला पातळ औषध. नियम पाळले तर लागण शंभरात पाचाच्याही खाली येते. माझ्या वेळी हे विचारणारं कोणी नव्हतं.

माझ्याकडे तू २००६ साली आलीस. तेव्हा सहसा रक्तातल्या सीडी-फोर पेशी दोनशेच्या खाली गेल्याशिवाय तू मिळत नव्हतीस. २०१७ पासून तसं नाही, निदान झालं की लगेच सुरू करतात. तुझं पहिलं रूप मला सोसलं नाही. स्टॅव्हुडिनने माझे गाल बसवले, तळपायांना मुंग्या आणल्या. शिलाई मशीनचं पायडल दाबताना पाय कळायचे नाहीत, गणवेशांच्या कॉलरी वाकड्या जायच्या. मग रात्रीची एफाव्हिरेन्झ आली, तिने विहिरीत पडायची स्वप्नं दाखवली. आता एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. ना मुंग्या, ना स्वप्नं. तूही माझ्याबरोबर सुधारलीस.

आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा आठवते? लेक आठ वर्षांची होती. होम मैदानावर शोभेचं दारूकाम चाललेलं आणि माझी गोळीची वेळ झालेली. बाजूला जावेच्या माहेरची माणसं. तुझी बाटली हलवली की वाजते, म्हणून मी झाकणाखाली कापूस कोंबून ठेवायची. त्या रात्री मोठा बार उडाला, सगळ्यांची तोंडं वर गेली, आणि तेवढ्यात मी तुला काढून कोरडीच गिळली. घशात अडकलीस. लेकीने विचारलं, आई, रडतेस का? म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

पंढरपूरला मंगलताई शहांनी २००१ साली ‘पालवी’ सुरू केली. नातलगांनी टाकलेली एचआयव्हीबाधित मुलं तिथे वाढली. त्या घरात तुला कापसात गुंडाळावं लागत नाही. मला मात्र माझ्याच घरात लागतं. कधी तांदळाच्या डब्यात, कधी मशीनच्या खणात. एका शेजारणीने माझा पेला वेगळा ठेवला होता, ते मनातून जात नाही. पेल्याने, घामाने, मिठीने हा आजार जात नाही, हे तिला सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही.

आता नातवंडाला तेल लावायचं, मांडीवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं, मुका घ्यायचा. यातल्या कशानेही त्याला काही होणार नाही. हे मला ठाऊक आहे, लेकीला आहे, जावयांना तर लग्नाआधीच सांगितलंय. विहीणबाईंना नाही. २०१७चा एचआयव्ही कायदा म्हणतो, माझ्या संमतीशिवाय माझा आजार कोणी चारचौघांत सांगायचा नाही. म्हणजे सांगायचा तर मीच. त्यांच्यादेखत बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालण्याआधी मी त्यांना सांगणार आहे. चहा पुढे ठेवून, लेकीला जवळ बसवून.

विनंती एवढीच, की त्या वेळी तू माझ्यासमोर असावंस. विहीणबाई बीपीच्या गोळ्या घेतात. त्या स्वयंपाकघराच्या फळीवर तांब्याशेजारी ठेवतील, तिथेच तुझीही जागा करते आहे. माझा आवाज कापला तर तुझ्याकडे बोट दाखवता येईल.

बाटलीतला कापूस आज काढून टाकला. हलवून बघितली. चांगली वाजतेस.

तुझीच,
सोलापूरकरीण