अब्बांची डबी

आमचे आजोबा अत्तार. आठवडे बाजारात त्यांचं पाल पडायचं. एका बाजूला कुंकू, बुक्का, उदबत्ती आणि दुसऱ्या बाजूला काष्ठौषधी: ज्येष्ठमध, कुटकी, अश्वगंधा, पुनर्नवा. 'बेख-ए-कासनी' हा शब्द मी तिथल्याच एका डब्यावर पहिल्यांदा वाचला. बेख म्हणजे मूळ. कासनी ही युनानीतली जिगरची जुनी दवा. इब्न सिनानं या एकाच वनस्पतीवर स्वतंत्र रिसाला लिहिला आहे.

पोटाची किंवा काविळीची तक्रार घेऊन कुणी आलं की दादा आधी चौकशी करायचे. किती दिवस झाले? बाई दोन जिवांची आहे का? दुसरी कुठली दवा चालू आहे? डोळे फार पिवळे दिसले तर पुडी बांधायचेच नाहीत. म्हणायचे, "पहले डाक्टर को दिखा, बाद में मेरे पास आ." गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी वजन कमी करा, चाला, गोड सोडा एवढंच सांगितलं. अब्बा नाराज झाले. "फी घेतली आणि साधी गोळीसुद्धा दिली नाही!" मग त्यांनी मोबाईलवरून कॅप्सूलची डबी मागवली. त्यात अश्वगंधा, कुटकी आणि मिरीच्या अर्कासह हळद. डबीवर हिरवं पान आणि 'यकृताचं संरक्षण'.

सहा आठवड्यांनी अब्बांच्या अंगाला खाज सुटली. लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे. बिलिरुबिन नऊ. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?" अब्बा म्हणाले, "नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी जडीबुटी हे औषध नव्हतंच. डबी मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. कॅप्सूल बंद केल्या आणि अडीच महिन्यांनी रिपोर्ट ताळ्यावर आले, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी सांगितलं की अश्वगंधा आणि हळदीच्या अर्कानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कनं तर 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. अब्बांना नेमकं कशानं झालं, हे मात्र तिन्ही एकत्र असल्यानं सांगता येईना.

मुळांवर आपला इतका विश्वास का? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे मूळ उगाळून दिलं, त्याला श्रेय मिळतं. शिवाय मूळ वेगळं आणि त्याचा अर्क वेगळा. अर्कात मुळाचा अंश कितीतरी पटींनी दाट होतो. मिरीतल्या पिपेरिनमुळे हळद रक्तात जास्त उतरते. हे सगळं शेवटी यकृतालाच निस्तरावं लागतं. दादांच्या कुटकीचा काढा इतका कडू असायचा की दोन घोटांपुढे कुणी जात नसे. कॅप्सूलमध्ये तो कडूपणा जिभेला कळतच नाही. गोड ज्येष्ठमधाचंही तसंच. रोज जास्त खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

अब्बा आता फजरनंतर चालायला जातात. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी औषधं विचारली, तेव्हा त्यांनी खोकल्यासाठी चघळलेली ज्येष्ठमधाची काडीसुद्धा सांगितली.

तुमच्या घरातही अशी एखादी डबी असेल. दवाखान्यात जाताना ती पिशवीत टाका.