मातीचा बैल

मातीच्या बैलास पडद्यावर चालविण्याचा उद्योग आमच्या नातवाने यंदाच्या पावसाळ्यात लोणावळ्यास आरंभिला. मावळातील भातखाचराची चिकण माती व मोबाईलचा कॅमेरा, एवढेच साहित्य. पाय केसभर सरकवावा, एक चित्र घ्यावे, सेकंदास १२! ढगांमुळे उजेड क्षणोक्षणी पालटे, म्हणून खिडक्या लावून एकच दिवा ठेविला. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चित्र घेऊन टिपली. १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यांचा हा परमभक्त! सहामाही परीक्षा तोंडावर असता हा पोरखेळ कशास, हे सूनबाईंचे म्हणणे अगदीच अवास्तव नव्हे. परंतु घटकाभर एका जागी न बसणारा मुलगा आठ दिवस मांडी घालून बसला. १२० चित्रांत बैल जेमतेम गोठ्याबाहेर आला. सूनबाई म्हणाल्या, “पुन्हा दाखव.”